ऊसतोडीच्या गाड्या लागायच्या आत पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायचंय. ‘आधी मुळाक्षरं पक्की’ हे सोडून देऊ का?

तांड्यावरच्या बाई | ३ ऑगस्ट

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. नोकरीला १९ वर्षं झाली, पण त्यातली बरीचशी तिसरी-चौथीवर गेली. पहिली-दुसरी माझ्याकडे आली ती गेल्या वर्षी. यंदा पहिलीत २२ मुलं आहेत आणि त्यातल्या १३ जणांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की तांड्यावर गाड्या लागायला सुरुवात होते. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत त्यांची हंगामी वसतिगृहात सोय करता येते, बाकीची लेकरं भांड्याकुंड्यांसोबत ट्रॅक्टरमध्ये बसतात. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये.

म्हणजे १६ जून ते दिवाळी एवढाच माझा हंगाम. सुट्ट्या वजा केल्या तर ९०-९५ दिवस भरतात.

माझी पद्धत तुम्हा सगळ्यांना माहीत असेल तीच. दोन दिवसांत एक अक्षर. पाटीवर गिरवायचं, वहीत पानभर लिहायचं, तक्त्यावर बोट ठेवून सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. मुळाक्षरं संपली की बाराखडी, मग जोडाक्षरं, मग शब्द, मग वाक्यं आणि मग धडा. मी स्वतः अशीच शिकले, माझी दोन्ही मुलं अशीच शिकली. ‘पाया पक्का पाहिजे’ हे वाक्य मी पालकसभेत किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मुळाक्षरं झाली होती. मला समाधान वाटलं होतं. मुलं उसाच्या फडावर गेली आणि एप्रिलमध्ये परत आली तेव्हा निम्म्याहून जास्त अक्षरं पुसली गेली होती. त्याहून वाईट म्हणजे, जी अक्षरं येत होती त्यांचाही त्यांना काही उपयोग करता येत नव्हता. पाच महिने ती त्या अक्षरांना घेऊन कशाचं काय करणार होती? एकही शब्द मी त्यांच्या हाती दिला नव्हता.

आता खरं काय झालं ते सांगते. गेल्या बुधवारी फळ्यावर ‘घर’ लिहिलं. एक मुलगी आहे, इथे तिला छकुली म्हणते. ती उठली. बोट ठेवून म्हणाली, “घ. र.” म्हटलं, जोडून म्हण. “घ र.” भरभर म्हण. “घरघरघर.” म्हटलं, काय झालं मग? तर म्हणाली, “घ आणि र झालं.” मी दाराबाहेर हात केला, “तू राहतेस कुठं?” तिनं लगेच बोट दाखवलं, “ते बघा की बाई, पत्र्याचं. ते आमचं घर.” शब्द तिच्या तोंडात होता, तोच शब्द फळ्यावर होता, आणि त्या दोघांची एकमेकांशी काही ओळख नव्हती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी जुलैची टाचणवही, म्हणजे रोज काय शिकवलं त्याची वही, काढली. २६ दिवसांपैकी गोष्ट सांगितल्याची नोंद तीनदा होती, तिन्ही शनिवारी, शेवटच्या तासाला. बाकी दिवस अक्षर, अक्षर, अक्षर. मी प्रशिक्षणांमध्ये ‘आनंददायी वाचन’ यावर मान डोलावते, पण वाचन म्हणजे काय असं मी मनातून मानते ते त्या वहीत लिहिलेलं होतं.

आज ३ ऑगस्ट, २० अक्षरं झाली आहेत. उरलेल्या दिवसांत काय करू? ज्यांनी पहिली शिकवली आहे त्यांनी कृपया मनापासून सांगा. परिपत्रकं मला पाठ आहेत.

खडूफळा | ३ ऑगस्ट

ताई, मी ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालो. त्यातली अकरा पहिलीला. तुमची तळमळ कळते, पण घाईनं पाया उकरू नका.

आपली लिपी मोठी आहे. ३४ व्यंजनं गुणिले बारा म्हणजे ४०८ रूपं होतात, त्यात जोडाक्षरं धरलेली नाहीत. मुलाच्या हाताला आणि डोळ्याला हे क्रमानं दिलं नाही तर पुढं सगळा गोंधळ होतो. जुन्या लोकांनी ग म भ न असा क्रम लावला तो उगाच लावलेला नाही. चारही अक्षरांना उजवीकडे उभी दांडी आहे, एक हाताखालून गेलं की दुसरं सोपं जातं. मी रवाळ वाळूचा ट्रे करायचो. बोटानं अक्षर काढायचं, हातानं पुसायचं, पुन्हा काढायचं. ज्या मुलाला पाटी-पेन्सिल धरता येत नव्हती त्याला वाळूत अक्षर यायचं.

मध्ये एक लाट आली होती, अक्षरं शिकवूच नका, चित्र आणि वाक्य दाखवा, मूल आपोआप वाचेल. आमच्याकडे एका शाळेत तसं केलं. मुलं पुस्तक हातात घेऊन घडाघडा ‘वाचायची’. पान झाकलं तरी वाचायची! चित्र बघून पाठ म्हणत होती. चौथीत गेल्यावर नवीन उतारा पुढं ठेवला की गप्प. त्या मुलांचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून कळकळीनं सांगतो.

वाडा तालुका | ३ ऑगस्ट

बाई, तुमच्या छकुलीनं काही चूक केलेली नाही.

‘घ’ आणि ‘र’ आपण शिकवतो ते ‘अ’सकट. दोन्ही पूर्ण उच्चारा आणि जोडा, जे तयार होतं ते ‘घर’ होत नाही. आपण बोलताना ‘घर’ मधल्या ‘र’चा ‘अ’ गाळतो. ‘कमळ’ मध्ये शेवटच्या ‘ळ’चा गाळतो, ‘करवत’ मध्ये तर मधलाही गाळतो. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते शिकवावं लागतं हेच ध्यानात येत नाही. पहिल्या वेलांटीचंही तसंच: ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि बोलताना मागाहून येते. मूल डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकत असतं, त्याचा डोळा आधी वेलांटीवर पडतो. अक्षर ओळखणं आणि अक्षरांपासून शब्दापर्यंत जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम आपण ‘आपोआप होईल’ म्हणून सोडून देतो. काहींचं होतं, कारण घरी कोणीतरी रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवत असतं.

मी पालघरकडे शिक्षकांसोबत काम करतो. आमच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला, मराठी आणि कन्नड वाचन-लेखनाचा. त्यात जे चित्र दिसलं त्यात तुमची टाचणवही जशीच्या तशी बसते. अक्षरांच्या आणि बाराखडीच्या सरावाला वेळ, अर्थाला आणि स्वतःच्या मनातलं लिहिण्याला जवळजवळ नाही. एवढा सराव करूनही तिसरीच्या शेवटी कितीतरी मुलांना साधा उतारा वाचता येत नव्हता. शिक्षकांशी बोललं की बहुतेक जण सांगायचे, आधी लिपी येऊ द्या, समज पुढं येईल. आणि नाही आली तर? मग घरचं वातावरण, आईबाप अडाणी, स्थलांतर. ही दोन वाक्यं एकत्र धरली की शिक्षकाच्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. दोष द्यायचा हेतू नाही. शिक्षक होण्याआधी आपण सगळे हजारो तास विद्यार्थी म्हणून वर्गात बसलेलो असतो, आणि शिकवणं म्हणजे काय ते आपण तिथंच शिकून आलेलो असतो. डीएडच्या दोन वर्षांत ते पुसलं जात नाही.

सर म्हणतात ती बाजूही खरी आहे. अक्षरं शिकवावीच लागतात, पद्धतशीर शिकवावी लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतसुद्धा वेळ लागतो असं दिसतं. आपल्या मुलांना इंग्रजीच्या २६ अक्षरांच्या हिशेबानं मोजता येणार नाही. पण बाई, याचाच अर्थ असा की ‘सगळी अक्षरं झाल्यावर अर्थ’ म्हणत बसलो तर मूल चौथीपर्यंत अर्थाशिवाय बसेल.

मग करायचं काय? फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत, १९८४ पासून, मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरगट बसवले. थोडीच अक्षरं घ्यायची, त्यांच्यासोबतच मात्राही घ्यायच्या, आणि तेवढ्यातून होतील तितके शब्द आणि वाक्यं लगेच वाचायची. अक्षर शिकलं की त्याच आठवड्यात त्याचा उपयोग. तुमच्या ९५ दिवसांना हे नेमकं लागू पडतं. तुमची २० अक्षरं वाया गेलेली नाहीत. त्यात आज काना आणा.

तांड्यावरच्या बाई | ४ ऑगस्ट

सर, वाळूच्या ट्रेचं तुम्ही सांगितलंत ते मी आजच केलं. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून वाळू आणली, पोरं खूश झाली. पायाबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. पण माझ्याकडे वर्ष नाही सर. तुमची मुलं दिवाळीनंतर परत वर्गात बसायची, माझी १३ बसत नाहीत. ज्या शिडीची शेवटची पायरी मार्चमध्ये येते ती यांच्यासाठी अर्धीच राहते, आणि दर वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

वाडा, तुमचं ‘र’चा ‘अ’ गाळतो हे वाचून मी मोठ्यानं ‘घर’, ‘कमळ’, ‘करवत’ म्हणून पाहिलं. १९ वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आज २० अक्षरांतून क, ब, प, न, म, ल एवढी बाजूला काढली आणि काना दिला. “क ला काना का” हे म्हणायचंच नाही असं ठरवलं, कारण मुलं ‘काका’ वाचायला लागली की “कला काना का, कला काना का” म्हणतात आणि त्या गर्दीत काका हरवून जातो. सरळ ‘का’ म्हणायचं. तासाभरात फळ्यावर काका, मामा, बाप, नाक, कान, पान, काम, लाल, पाप, माप इतके शब्द झाले. ‘बाप’ वर छकुली थांबली. ओठ हलले, आवाज नाही. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, बाप!” जसा काही तो दारात येऊन उभा राहिला.

एक अडचण आहे. दुपारी एका आजोबांनी विचारलं, पोरीच्या वहीत आज पान भरलेलं का नाही? त्यांच्या लेखी भरलेली वही म्हणजे शिकणं. आमच्या तपासणीलाही वह्याच बघतात. याचं काय करता तुम्ही लोक?

गोरमाटी पोरगा | ५ ऑगस्ट

बाई, मी शिक्षक नाही. मी तुमच्यासारख्याच एका तांड्यावरचा, आता संभाजीनगरला नोकरी करतो. आईबाप १४ हंगाम फडावर होते. माझं पहिलीचं सांगतो, उपयोग झाला तर बघा.

आम्ही घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायचो. शाळेत पहिल्या आठवड्यात गुरुजींनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? मी म्हणालो, ‘बाटी’. गुरुजी म्हणाले, बाटी नाही, भाकरी म्हणायचं. वर्ग हसला. मग आईचं विचारलं तर मी ‘याडी’ म्हणालो, परत तेच. गुरुजी वाईट नव्हते. मारायचे नाहीत, उलट पदरचे पैसे घालून वह्या द्यायचे. त्यांची अशी समजूत होती की घरची बोली बंद झाल्याशिवाय पुस्तकाची भाषा येणार नाही. मी तिसरीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही. ‘हे पोरगं मंद आहे’ असं त्यांनी दुसऱ्या गुरुजींना सांगितलेलं मी खिडकीबाहेरून ऐकलंय.

भिंतीवरच्या तक्त्यात ऐ ऐरणीचा, ज्ञ यज्ञाचा. ऐरण आणि यज्ञ दोन्ही आमच्या तांड्यावर नव्हते. को कोयत्याचा असता तर मी पहिल्या दिवशी वाचला असता. मो मोळीचा.

वहीचं म्हणाल तर, माझ्या याडीला वाचता येत नाही, म्हणून तिला पानं भरलेली दिसली की बरं वाटायचं. तिला दुसरं काही दिसेल असं कोणी दाखवलंच नाही. तुम्ही त्या आजोबांसमोर पोरीला वाचायला लावा.

वाडा तालुका | ५ ऑगस्ट

दादा, तुमच्या गुरुजींबद्दल तुम्ही ज्या मायेनं लिहिलंत ते वाचून थांबायला झालं.

‘मंद’ या शब्दावरून एक जुना प्रयोग सांगावासा वाटतो. रोझेंथाल आणि जेकबसन यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत तो केला, १९६८ साली त्यावरचं पुस्तक आलं. शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की ही या वर्षी झपाट्यानं पुढं जाणार. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाअखेर त्यातली मुलं, विशेषतः पहिली-दुसरीची, खरोखर जास्त पुढं गेलेली दिसली. या प्रयोगावर नंतर खूप वाद झाले, परिणाम इतका मोठा नसतो असंही अनेकांनी दाखवलं. तरी लहान वर्गांत फरक जास्त दिसला ही गोष्ट माझ्या अनुभवाला धरून आहे. ज्याला येणार नाही असं आपल्याला वाटतं त्याला आपण प्रश्न सोपा विचारतो, उत्तरासाठी कमी थांबतो, आणि वाचायला पुस्तकाऐवजी अक्षरांचा तक्ता देतो. सगळं मायेनं करतो.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात तिसरीपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे असं २०२१ पासून म्हटलंय. ‘समजून’ हा शब्द त्यात आहे, तो तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवा.

तांड्यावरच्या बाई | ६ ऑगस्ट

माझ्या हजेरीपत्रकात आठ नावांपुढं पेन्सिलनं बारीक ‘सं’ लिहिलेलं आहे. संथ. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे शाळा सुरू होऊन आठ दिवसही झाले नव्हते तेव्हा मी ते लिहिलं. वरचं सगळं वाचून आज पत्रक उघडलं. आठपैकी सात फडावर जाणारी मुलं आहेत. आठवी छकुली. तिचा बाप मुकादमाकडून हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसला आहे पण आजी तयार झाली तर ती राहील, असं अजून अधांतरी आहे.

मी त्यांना काय ऐकून संथ म्हटलं असेल? मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर दिलं म्हणूनच ना.

गोरमाटी पोरगा, तुम्ही मला बाई म्हटलंत, मी तुम्हाला दादा म्हणते. उद्या ‘को’ घेते.

खडूफळा | ७ ऑगस्ट

या दादाचं लिहिणं दोनदा वाचलं. मीही ‘असं नाही, असं म्हण’ आयुष्यभर म्हणत आलो. शुद्ध भाषा देणं हे आपलं कर्तव्य अशी आमची पिढी मानायची. आमच्या भागात धनगरवाड्यावरची मुलं असायची, ती वर्गात फार बोलत नसत. लाजाळू आहेत असं मी समजायचो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला १९४५ साली कामाला लागल्या आणि पुढं कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्या, गुरं राखायला जातात तर कुरणात न्या, हे त्यांनी केलं. आम्ही ते डीएडला पाठ करून मार्क मिळवले. मुलाची बोलीही शाळेत आणावी हे मात्र त्यातून मला कधी सुचलं नाही.

ताई, एक विनंती. शब्द आले तरी रोज पंधरा मिनिटं अक्षरांना द्याच. आणि जो शब्द वाचला तो लगेच वाळूत लिहून घ्या. मूल पाठ म्हणतंय की वाचतंय हे ओळखायचं असेल तर शब्दांची जागा बदलून बघा.

तांड्यावरच्या बाई | १२ ऑक्टोबर

दोन महिने लिहायला झालं नाही, माफ करा. काय केलं ते सांगते, जमलं नाही तेही सांगते.

रोजचा पहिला अर्धा तास मुलं बोलतात आणि मी फळ्यावर लिहिते. गोरमाटीत बोललं तर गोरमाटीत लिहिते. सुरुवातीला माझा हात अडला. ‘याडी’ फळ्यावर लिहिताना काहीतरी नियमबाह्य करतेय असं वाटलं, खरंच सांगते. मग शेजारी ‘आई’ लिहिलं आणि दोन्ही वाचले. आता मुलंच मला विचारतात, बाई, याला मराठीत काय? फडावरचे शब्द आले: कोयता, मोळी, वाढं, पाचट, कोप, मुकादम. ‘मुकादम’ हा चार अक्षरी शब्द गणपतीच्या आत वर्गातल्या ११ मुलांनी वाचला. त्याच दिवशी ‘बदक’ वर अडली. बदक कोणी पाहिलेलंच नाही.

सरांचा सल्ला मानला. पंधरा मिनिटं अक्षरं रोज, चुकवली नाहीत. शब्दांच्या जागा बदलल्या तेव्हा चार मुलं उघडी पडली, ती पाठ म्हणत होती. त्यांना परत मागं नेलं. म्हणजे सर, तुम्ही सांगितलं नसतं तर मी एक चूक सोडून दुसरी धरली असती.

जमलं नाही ते असं. पाच मुलांना अजून दोन अक्षरं जोडता येत नाहीत. पहिली वेलांटी बऱ्याच जणांची चुकते. चूक झाली की लगेच दुरुस्त करायची माझी खोड अजून जात नाही. परवा एक मुलगा वाचता वाचता थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी ओठ आवळले होते म्हणून. आता कोणी वाचत असलं की मी त्याच्या शेजारी बसते, समोर उभी राहत नाही.

आजोबांना मी शाळेत बोलावलं आणि नातीला वाचायला सांगितलं. तिनं फळ्यावरची तीन वाक्यं वाचली. त्यातलं एक तिनंच सांगितलेलं होतं, आजोबांच्या शेळीचं. आजोबांनी दोनदा वाचायला लावलं. नंतर वहीबद्दल विचारलं नाही.

आणि आता एक गोष्ट. काल तांड्यावर पहिला ट्रॅक्टर लागला. मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत ‘जय सेवालाल’ रंगवलेलं, बंजारा समाजाच्या संतांचं नाव. तांड्यावरचं शेंबडं पोरसुद्धा ते ‘वाचतं’, कारण प्रत्येक गाडीवर तेच असतं. जूनमध्ये मी छकुलीला त्यावरून विचारलं होतं. तिनं घडाघडा जय सेवालाल म्हटलं होतं, मग मी फक्त ‘सेवा’ पाटीवर लिहून दिलं तर त्यालाही सेवालालच म्हणाली होती. काल शाळा सुटल्यावर ती त्या फळीपाशी उभी होती. मी जवळ गेले तर तिनं हातानं अलीकडचा भाग झाकला आणि शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. “बाई, ह्याच्यात लाल आहे.” मग हात सरकवत सरकवत मागं गेली. “आणि हे वा.” ‘से’ तिला आलं नाही. एक मात्रा आमची झालीच नाही अजून. मी तिथंच फळीवर खडूनं ‘स’ काढला, वर मात्रा दिली. तिनं माझ्या हातातून खडू घेतला आणि शेजारी ‘मे’ काढला. स ची मात्रा उचलून म वर ठेवली, कोणी न सांगता.

आजी तयार झाली नाही. छकुली गुरुवारी जातेय.

१३ पैकी पाच मुलं हंगामी वसतिगृहात थांबतील, आठ जातील. त्या आठ जणांसाठी मी हातानं वह्या केल्या आहेत, १६ पानांच्या. बारा पानांवर त्यांनी स्वतः सांगितलेली वाक्यं आहेत, डाव्या पानावर गोरमाटी, उजव्यावर मराठी. शेवटची चार पानं कोरी आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागातल्या कोणाच्या शाळेजवळ ऊसतोड्यांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, पडत असतील तर एवढं करा: बीडकडचं लहान मूल दिसलं तर त्याच्याकडे वही आहे का विचारा. असेल तर त्याला वाचायला सांगा. उशिरा सुरुवात करेल, तेवढं थांबा. आणि कोऱ्या पानावर ते जे सांगेल ते लिहून द्या.

शिरोळकर बाई | १२ ऑक्टोबर

आमच्या शाळेच्या मागच्या रानात दर वर्षी वीस-पंचवीस कोपी पडतात. मुलं कंपाउंडवर बसून आत बघत असतात. आजवर मी त्यांना परिपाठाच्या वेळी ‘खाली उतरा रे’ एवढंच म्हणत आले. ट्रॅक्टर कुठल्या कारखान्याकडे चाललाय ते मुकादमाला विचारून इथे लिहा. वही मी बघते.